राणीबागेतल्या मनोऱ्याचा फोटो काढताना

भायखळ्याच्या राणीबागेत डेव्हिड ससून घड्याळाचा मनोरा टिपताना मोबाइल वर कलता केला की मनोरा मागे झुकलेला दिसतो. त्यापेक्षा बरंच मागे जा, मोबाइल अगदी सरळ उभा धरा आणि कॅमेऱ्यातली ग्रिड (पडद्यावरच्या आडव्या-उभ्या रेघा) चालू करून मनोऱ्याची कड उभ्या रेघेला समांतर आणा. खाली जमीन जास्त येईल. ती नंतर कापता येते. वरून फांदीची चौकट छानच, फक्त पानं तबकडीवर यायला नकोत. बाजूने येणाऱ्या तिरप्या उन्हात नक्षी उठून दिसते.

फोटो जाणकाराला दाखवताना ‘कसा आलाय?’ विचारू नका, नुसतं ‘मस्त’ ऐकायला मिळतं. ‘नजर आधी कुठे गेली?’ असं विचारा. उत्तर ‘मागच्या पाटीकडे’ आलं, तर समर्थन करत बसू नका. थोडं डावी-उजवीकडे सरकून तोच फोटो पुन्हा काढा.