'मारणे' आणि 'दडपणे' : सीडी-८ पेशी व एचआयव्ही शिकताना या चुका टाळा

कोल्हापुरात सूक्ष्मजीवशास्त्राच्या एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांची सेमिनार ऐकताना एक वाक्य मला दरवर्षी ऐकावे लागते : 'सीडी-८ पेशी बाधित पेशींना मारतात, म्हणून एचआयव्ही कमी होतो.' सीडी-८ पेशी म्हणजे रोगप्रतिकारक यंत्रणेतील एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, आणि त्या मारतात हे खरेच आहे. त्यांनी सोडलेले परफोरिन हे प्रथिन बाधित पेशीच्या पटलाला छिद्रे पाडते, ग्रॅन्झाइम हे विकर आत शिरते आणि ती पेशी मरते. पण पाठ्यपुस्तकातील ती एक आकृती पाहून तेथेच थांबणे ही सर्वांत मोठी चूक आहे. १९८६ साली सॅन फ्रान्सिस्कोत विषाणूशास्त्रज्ञ जे लेव्ही (Jay Levy) यांच्या गटाने दाखवून दिले की, बाधित पेशीला न मारताही सीडी-८ पेशी तिच्यातील विषाणूची वाढ दाबून ठेवू शकतात.

उमेदवारीच्या काळात माझ्या हातूनही हीच चूक झाली होती. एचआयव्ही ज्यांत वाढतो त्या सीडी-४ पेशी बाधित करून त्यांत त्याच व्यक्तीच्या सीडी-८ पेशी मिसळल्या, आणि सातव्या दिवशी एलायझा या रंगावरून प्रथिन मोजणाऱ्या चाचणीच्या प्लेटवर तुलनेसाठी ठेवलेल्या खाचा गर्द पिवळ्या, तर माझ्या खाचा जवळजवळ रंगहीन दिसल्या. विषाणूचे पी-२४ प्रथिन घटले होते, म्हणून मी वहीत 'बाधित पेशी नष्ट' असे लिहून टाकले. मार्गदर्शक बाईंनी एवढेच विचारले, "जिवंत सीडी-४ पेशी मोजल्यास का?" मी त्या मोजल्या नव्हत्या आणि पेशी तर टाकूनही दिल्या होत्या, त्यामुळे सगळा प्रयोग पुन्हा करावा लागला. दुसऱ्या खेपेस ट्रिपॅन ब्लू हा मृत पेशींना रंगवणारा रंग घालून पाहिले, तेव्हा निळ्या पडलेल्या मृत पेशी तुलनेच्या खाचांपेक्षा जास्त नव्हत्या, आणि सीडी-८ पेशी काढून घेतल्यावर दबलेला विषाणू पुन्हा वाढू लागला. तेव्हापासून पेशी मोजल्याशिवाय मी प्लेट वाचत नाही. पंधरा मिनिटे वाचवण्यासाठी ही पायरी गाळणाऱ्याच्या निष्कर्षावर माझा विश्वास बसत नाही. २०१० साली एसआयव्ही (एचआयव्हीचा माकडांतील भाऊबंद) बाधित माकडांवरील अभ्यासांतही सीडी-८ पेशी काढून टाकल्यावर बाधित पेशींचे आयुष्य लक्षणीय वाढलेले आढळले नाही, म्हणजे तेथेही मारणे हे मुख्य काम दिसले नाही.

दुसरी चूक म्हणजे हे सारे दडपण केमोकाइनांच्या, म्हणजे पेशींनी सोडलेल्या संदेशवाहक प्रथिनांच्या, खात्यावर टाकणे. रॅन्टेस, एमआयपी-१ अल्फा आणि एमआयपी-१ बीटा ही प्रथिने विषाणूला रोखतात हे १९९५ साली समजले. परंतु ती सीसीआर-५ या पेशीच्या पृष्ठावरील ग्राहक प्रथिनाशी (रिसेप्टरशी), म्हणजे विषाणूच्या दाराशीच, अडवणूक करतात. सीएक्ससीआर-४ या दुसऱ्या ग्राहकामार्गे शिरणाऱ्या विषाणूवर त्यांचा इलाज चालत नाही, तरीही सीडी-८ पेशी त्यालाही दाबतात, कारण हे दडपण पेशीच्या डीएनएत बसलेल्या विषाणूपासून आरएनए तयार होण्याच्या टप्प्यावरही पडते. म्हणून प्रयोग वाचताना त्यात कोणता विषाणू वापरला आहे, हे मी सर्वांत आधी पाहते.

अशा प्रयोगात दोन वेगवेगळ्या व्यक्तींच्या पेशी एकत्र करू नयेत. एचएलए, म्हणजे पेशींवरील 'आपले-परके' ओळखवणारी प्रथिने, जुळत नसल्यास परकेपणाची प्रतिक्रिया उमटते आणि निकाल वाचता येत नाही.

आणि दडपलेला विषाणू गेला असे कोणी समजू नये. डीएनएत बसलेली त्याची प्रत तशीच राहते. औषधांशिवाय त्याला दीर्घकाळ दाबून ठेवू शकणाऱ्या व्यक्ती १ टक्क्याहूनही कमी असतात, आणि बाकीच्यांपैकी बहुतेकांत औषधे थांबवल्यापासून काही आठवड्यांतच तो रक्तात परत दिसू लागतो.