तैसेई योकुसानकाई : व्याख्यानाची तयारी कशी करावी

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीच्या वाचनालयात युद्धकालीन जपानवर बोलायचे असेल, तर आरंभी एक गैरसमज दूर करावा. १२ ऑक्टोबर १९४० रोजी पंतप्रधान कोनोए फुमिमारो यांच्या नेतृत्वाखाली स्थापन झालेल्या ‘तैसेई योकुसानकाई’ला, म्हणजे सम्राटाच्या राज्यकारभाराला साहाय्य करण्यासाठी उभारलेल्या देशव्यापी संघटनेला, सरसकट ‘नाझींसारखा पक्ष’ म्हणू नये. जुने पक्ष स्वतःहून विसर्जित झाले होते हे खरे. पण सम्राटाच्या अधिकारावर अतिक्रमण होते असा आक्षेप आल्याने १९४१च्या आरंभी तिला राजकीय कार्याची मुभाच उरली नाही, आणि ती सरकारी यंत्रणेचा विस्तार बनली.

अधिक वेळ या यंत्रणेच्या तळाशी असलेल्या ‘तोनारिगुमी’ला द्यावा, कारण मला खरा इतिहास तिथेच दिसतो. साधारण दहा-पंधरा घरांचा हा शेजारगट. त्याची सूचनाफळी दारोदार फिरे, वाचल्याची खूण म्हणून प्रत्येक घर शिक्का मारी आणि ती शेजारी देई. गल्लीतल्या मंडळाची वर्गणीची वही घरोघर फिरताना पाहिलेल्या श्रोत्यांना हे चित्र लगेच उमगेल. मात्र शिधावाटपही याच गटांमार्फत होत असल्याने तिथे नकार देणे किती अवघड होते, हे आवर्जून सांगावे.

त्यानंतर एप्रिल १९४२ची संसदेच्या कनिष्ठ सभागृहाची निवडणूक घ्यावी. ४६६पैकी ३८१ जागा सरकारपुरस्कृत उमेदवारांना मिळाल्या, तरी ८५ इतर उमेदवार निवडून आले आणि त्यांत सरकारवर टीका करणारे ज्येष्ठ संसदपटू ओझाकी युकिओ होते. हे आकडे फळ्यावर लिहावेत. जून १९४५मध्ये संघटना विसर्जित झाली, एवढे शेवटी पुरे.