वॉर्डातल्या स्टाफचा शुगर चेक करायचा हात बसलेला कसा ठेवायचा

ग्लुकोमीटर वापरता येत नाही असं वॉर्डात कुणीच म्हणत नाही आणि गोची तिथेच आहे. वर्षातून एकदा सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं, स्लाइड दाखवल्या, सह्या घेतल्या की फाइलमध्ये ट्रेनिंग झालं, हात मात्र होता तसाच. म्हणून लेक्चर ठेवा नाहीतर नका ठेवू, पण प्रत्येकाला खऱ्या पेशंटजवळ शुगर चेक करताना एकदा तरी बाजूला उभं राहून बघा, आणि मधे बोलू नका.

बघायचं काय तर आधी पेशंटचं बोट. नुकतंच फळ सोललेल्या बोटाला टोचलं तर शुगर खोटीच जास्त येते, त्यामुळे साबणाने धुऊन कोरडा केलेला हात सगळ्यात बरा, स्पिरिट लावलंच तर आपोआप वाळू द्यायचं, फुंकर मारून नाही (हे निम्मे लोक करतात, मीपण करायचे). टोचायचं बोटाच्या कडेला, डेक्स्ट्रोजचं (म्हणजे साखरेचं) सलाईन चालू असेल तर दुसऱ्या हाताला. स्ट्रिप काढली की डबीचं झाकण लगेच बंद, दमट हवेने स्ट्रिपा खराब होतात. टोचायचं पेन दोन पेशंटना वापरायचं नाही, सुई बदलली तरी नाही, हिपॅटायटिस बी असाच पसरलेला आहे. मीटरसुद्धा दर पेशंटनंतर जंतुनाशकाने पुसायचा.

पण खरी परीक्षा आकडा आल्यावर असते. एकदा नाईटला एकीने चार्टवर ४८ (म्हणजे धोक्याइतकी कमी शुगर) असं सुंदर अक्षरात लिहिलं आणि पुढच्या बेडकडे गेली. टेस्ट एकदम बरोबर केली होती! तेव्हापासून मी प्रत्येकाला तोंडी विचारते, ७० च्या खाली आली तर पेशंटला काय देणार, कुणाला कळवणार, परत कधी चेक करणार? स्क्रीनवर 'हाय' आलं म्हणजे मीटर नमस्कार करत नाहीये, शुगर त्याच्या मोजण्यापलीकडे गेलीय. बीपी पडलंय, हातपाय गार आहेत, तर बोटाच्या रक्तावर भरवसा नको, शिरेतलं सॅम्पल लॅबला पाठवा. हिमोग्लोबिन खूप कमी असेल तर बरेच मीटर शुगर जास्त दाखवतात, म्हणजे खरी लो शुगर लपू शकते.

कंट्रोल सोल्यूशनची टेस्ट (म्हणजे ठरावीक साखरेचं द्रावण घालून मीटर बरोबर दाखवतोय का ते बघणं) नव्या स्टाफकडून करून घ्या, पटकन शिकतात. रेंजबाहेर आली तर तो मीटर बाजूला, चार वेळा करून एकदा जमवायची नाही.

आणि मीटरमध्ये स्वतःच्या ऐवजी दुसऱ्याचा आयडी टाकून टेस्ट करणारे सापडले की लगेच झापू नका, आधी कारण विचारा. बहुतेक वेळा स्वतःच्या आयडीची मुदत संपलेली असते आणि कुणी सांगितलेलंच नसतं. कुणाची मुदत संपतेय त्याची महिनाभर आधी यादी लावा, लांब रजेवरून आलेल्यांची नावं त्यात घाला, आणि नाईटवाल्यांना झोप मोडून दुपारी बोलावण्यापेक्षा तुम्हीच पहाटेच्या राउंडला जा.