बेस वाजला की हेडलाइट मंदावतात, अ‍ॅम्प्लिफायर बंद पडतो: माझा अनुभव
नागपुरात वर्धा रोडवर रात्री गाडीत गाण्याचा बेस जोरात आला की हेडलाइट मंदावायचे, अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर) प्रोटेक्टमध्ये जायचा, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडायचा. कपॅसिटर (क्षणभर पुरेल इतकी वीज साठवणारा भाग) लावला, फरक नाही. जास्त सीसीएची साधी बॅटरी घेतली, तीही वाया. सीसीए म्हणजे थंडीत स्टार्टर फिरवायची ताकद, इथे हवी अँपिअर-अवर क्षमता, म्हणजे वीज साठवायची ताकद. दोन महिने जीव मेटाकुटीला आला.

शेवटी मल्टीमीटर लावला. इंजिन चालू, गाणं बंद: 14.2 व्होल्ट. बेसवर बॅटरीपाशी 12.1, अ‍ॅम्पपाशी 10.9. म्हणजे 1.2 व्होल्ट वायरिंगमध्येच जात होते. माझा अ‍ॅम्प 1000 वॉट आरएमएस (सलग देता येणारी ताकद), 80 टक्के कार्यक्षमता धरली तर पूर्ण आवाजात साधारण 90 अँपिअर ओढतो.

बॅटरी आणि वायरिंग, दोन्हीकडे व्होल्ट पडत होते, म्हणून दोन्ही सुधारायचं ठरवलं. इंजिन बंद करून बॅटरीची आधी निगेटिव्ह वायर काढली, मग पॉझिटिव्ह. ट्रेमध्ये बसणारी 70 अँपिअर-अवरची एजीएम (आम्ल काचतंतूंच्या चटईत शोषलेली) बॅटरी ठेवून घट्ट आवळली (टर्मिनलची बाजू दुकानातच तपासा). अ‍ॅम्पची निगेटिव्ह वायर गाडीच्या पत्र्याला जोडतात त्या अर्थिंगच्या जागचा रंग पत्रा दिसेपर्यंत खरवडला, अ‍ॅम्पच्या पॉझिटिव्हइतकीच जाड तांब्याची केबल तिथे लावली. पॉझिटिव्ह वायरला बॅटरीपासून 45 सेंटिमीटरच्या आत फ्यूज. जोडताना पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह शेवटी.

आता त्याच गाण्यावर अ‍ॅम्पपाशी 12.8. आमच्या उन्हाळ्यात बॅटरी लवकर थकते, म्हणून मूळ उष्णतारोधक आवरण पुन्हा चढवलं.