खडूची रेघ आणि पाच वाट्या: मुलांना अमेरिका-कॅनडाची गोष्ट अशी सांगा

मी नागपूरच्या महाल भागात राहते. बत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. आता मे महिन्याच्या दुपारी गल्लीतली सात-आठ पोरं आमच्या ओसरीत कूलरसमोर येऊन बसतात. एकमेकांची गावं जाळणारे दोन शेजारी पुढे मित्र कसे झाले, ही गोष्ट ती दरवर्षी पुन्हा मागतात. तुमच्याही घरी सांगता येईल. खडू, पाण्याच्या पाच वाट्या, एक छोटं झाकण, कोळसा, कागदी होड्या आणि मोजायचा टेप, एवढंच लागतं.

आधी वाट्या मांडा, म्हणजे तिथली पाच मोठी सरोवरं: सुपीरियर, मिशिगन, ह्युरॉन, ईरी, ऑन्टारियो. मिशिगन पूर्णपणे अमेरिकेच्या बाजूला ठेवायची, बाकी चार वाट्या खडूने ओढलेल्या सरहद्दीच्या रेघेवर. झाकण म्हणजे शाम्प्लेन सरोवर. पश्चिमेची लांब सरळ रेघ मात्र आताच ओढू नका. तिचा मोठा भाग १८१८ च्या करारात ४९ अक्षांशावर ठरला, तेव्हा गोष्ट तिथवर आली की पोरांनाच ओढू द्या.

१८ जून १८१२ ला अमेरिकेने ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारलं. ब्रिटिश आरमार भर समुद्रात अमेरिकन जहाजांवरचे खलाशी पकडून नेत होतं, हे एक मोठं कारण. कॅनडा तेव्हा स्वतंत्र देश नव्हता, तिथे ब्रिटिशांच्या वसाहती होत्या. हे सुरुवातीलाच सांगून टाका, नाहीतर पुढे घोळ होतो. लढायांच्या तारखा पाठ करून घेऊ नका. जळालेली गावं दाखवा. एप्रिल १८१३ मध्ये यॉर्क, म्हणजे आजचं टोरॉन्टो: अमेरिकन सैन्य शिरलं आणि विधिमंडळाच्या इमारती जळाल्या. तिथे कोळशाचा ठिपका द्या. डिसेंबरात अमेरिकनांनी कॅनडाच्या बाजूचं, नायगाराकाठचं न्यूअर्क जाळलं, ऐन थंडीत लोकांना घराबाहेर काढून. त्याच महिन्यात सूड म्हणून ब्रिटिशांनी पलीकडचं बफेलो. ऑगस्ट १८१४ मध्ये ब्रिटिशांनी वॉशिंग्टनला राष्ट्राध्यक्षांचं घर पेटवलं. ठिपके पडत गेले की पोरं आपोआप गप्प होतात.

मग कोणीतरी विचारतंच, "आजी, मंग जिंकलं कोण?"

इथे घाई करू नका. २४ डिसेंबर १८१४ ला आजच्या बेल्जियममधल्या घेंट शहरात तह झाला: युद्धाआधी ज्याची जमीन, ती त्याला परत. एवढी माणसं मेली आणि सरहद्द होती तिथेच राहिली. हरले ते तिथले मूळ रहिवासी. शॉनी जमातीचा नेता टेकम्से ब्रिटिशांच्या बाजूने लढताना १८१३ मध्ये मारला गेला, आणि तहानंतर त्याच्या लोकांच्या जमिनी जातच राहिल्या. गोष्ट गोड करायची म्हणून हा भाग गाळू नका. मी सुरुवातीची काही वर्षं गाळला, त्याची मला आजही खंत आहे.

आता होड्या. १८१७ मध्ये अमेरिका आणि ब्रिटनने लिहून घेतलं की सरोवरांत दोघांनीही लढाऊ जहाजं मोजकीच ठेवायची: ऑन्टारियोत एक, त्याच्या वरच्या सरोवरांत मिळून दोन, शाम्प्लेनमध्ये एक. प्रत्येकावर तोफ एकच. म्हणजे दोन्ही बाजूंच्या पोरांना चार-चारच होड्या द्या. पाचवी कोणी लपवून सोडली तर रागावू नका, पलीकडच्यांनाच शोधू द्या. (त्याच १८१७ च्या नोव्हेंबरात आपल्या सीताबर्डीच्या टेकडीवर भोसल्यांची फौज इंग्रजांशी लढत होती. किल्ला पोरांनी पाहिलेला असतो, त्यामुळे साल पक्कं बसतं.)

आता पुढच्या वर्षीची, १८१८ ची ती सरळ रेघ पोरांना ओढू द्या. मैत्री लगेच झाली असं मात्र सांगू नका. संशय पुढेही कैक वर्षं होता. १८५९ मध्ये पश्चिम किनाऱ्याजवळच्या, दोघंही आपलं म्हणत असलेल्या सॅन हुआन बेटावर एका अमेरिकन शेतकऱ्याने आपले बटाटे उकरणारं ब्रिटिश कंपनीचं डुक्कर गोळी घालून मारलं आणि दोन्हीकडची फौज समोरासमोर आली. पण गोळी सुटली नाही. बेटाच्या दोन टोकांना दोघांच्या छावण्या बसल्या, सणावाराला एकमेकांकडे जाणंयेणं सुरू झालं. शेवटी १८७२ मध्ये जर्मन सम्राटाच्या लवादाने बेट अमेरिकेला दिलं. मेलं ते डुक्कर तेवढंच. डुक्कर व्हायला आमच्याकडे दरवर्षी भांडणं होतात, चिठ्ठ्या टाका.

मग टेप काढा. जंगलातून सरहद्द जाते तिथे वीस फुटांचा पट्टा झाडं तोडून मोकळा ठेवतात, दोन्हीकडे दहा-दहा फूट. दोन्ही देशांचा मिळून एक आयोग हे काम बघतो. आमच्या गल्लीत वीस फूट मावत नाहीत, म्हणून मी सगळ्यांना संध्याकाळी गच्चीवर नेते. दहा फुटांवर उभं राहून पलीकडच्याशी बोलायला फार ओरडावं लागत नाही, हे त्यांना तिथे कळतं.

शेवटी व्हरमाँट आणि क्वेबेकच्या सीमेवरचं हॅस्केल वाचनालय. १९०४ मध्ये मुद्दाम सरहद्दीवर बांधलं, वाचनाच्या खोलीतून काळी रेघ जाते. फरशीवर खोली आखा, मधून रेघ ओढा, दार अमेरिकेच्या बाजूला ठेवा आणि एकेका पोराला रेघेवर पुस्तक घेऊन बसवा. कॅनडावाले पायवाटेने चालत त्या दाराशी येत. २०२५ मध्ये अमेरिकेने ती वाट त्यांच्यासाठी आवळली. यंदा एवढं सांगून मी थांबले. पाचवीतली एक मुलगी उठली, माझ्या हातातला खडू घेतला आणि कॅनडाच्या बाजूच्या भिंतीत तिने दुसरं दार काढलं. वाचनालयानेही तेच केलं, हे मी तिला त्यानंतर सांगितलं.