कॅन्सर रिसर्चमध्ये नवीन येताय? आधी तुमच्या सेल्स तपासा (माझे सात महिने कसे गेले)

दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये लॅबमध्ये नवीन प्रोजेक्ट असिस्टंट, जेआरएफ (रिसर्च फेलोशिपवाले) जॉइन होतात आणि कुणी ना कुणी विचारतंच, ताई आधी काय वाचू. माझं उत्तर ठरलेलं आहे. वाचायचं नंतर, आधी तुला ज्या सेल्स (लॅबमध्ये वाढवायच्या पेशी) दिल्यात त्यांची मायकोप्लाझ्मा टेस्ट कर, म्हणजे त्यांच्यात गुपचूप वाढणारे बारीक बॅक्टेरिया आहेत का ते बघ. मग विचारणाऱ्याचा चेहरा पडतो, कारण त्याला पी-फिफ्टीथ्री (कॅन्सर रोखणारा जीन), इम्युनोथेरपी असलं काहीतरी ऐकायचं असतं. मलाही तेच ऐकायचं होतं, म्हणून आज सविस्तर लिहिते.

मी मूळची बार्शीची. एमएस्सीला पुण्यात आले, नेट परीक्षेचा अभ्यास जयकर लायब्ररीत बसून केला, दुसऱ्या प्रयत्नात जेआरएफ निघाली. कॅन्सरच का, तर आजीमुळे. आजी मिश्री लावायची. सकाळी तव्यावर तंबाखू भाजल्याचा वास अजून आठवतो, आणि मग ती उंबऱ्यात बसून बोटानं हिरड्यांना चोळत बसायची, अर्धा अर्धा तास. गालात आतून पांढरा चट्टा आला तेव्हा कुणाला काही वाटलं नाही, दुखत नव्हता ना. दुखायला लागला तोवर उशीर झाला होता. तर मला तोंडाच्या कॅन्सरवरच काम करायचं होतं आणि मिळाली ती स्वादुपिंडाच्या कॅन्सरवर काम करणारी लॅब. सुरुवातीला वाईट वाटलं. आता सांगते, विषयासाठी अडून बसू नका, चांगला गाइड मिळत असेल तर विषय कुठलाही घ्या, टेक्निक हातात बसलं की विषय पुढे बदलता येतो.

कॅन्सरचे हॉलमार्क्स, म्हणजे कॅन्सरच्या पेशींची ठरावीक लक्षणं, तुम्हाला पाठ असतील, हॅनाहन आणि वाइनबर्ग यांचे २००० सालचे सहा आणि २०११ मध्ये वाढवलेले, नुडसनचं १९७१चं टू-हिट (जीनच्या दोन्ही प्रती बिघडाव्या लागतात ही कल्पना) पण नेटला घोकलेलं असतं, ते परत सांगत नाही. पण कॅन्सर व्हायला वेळ किती लागतो हे माझ्या डोक्यात कधी शिरलंच नव्हतं. स्वादुपिंडात बहुतेक वेळा पहिली गडबड केरास जीनमध्ये होते, मग कॅन्सर रोखणारे जीन्स जातात, आधी सीडीकेएनटूए, मग पी-फिफ्टीथ्री आणि स्मॅड-फोर. २०१० मध्ये पेशंट्सच्या ट्यूमर्सचं सिक्वेन्सिंग करून हिशेब मांडला गेला की पहिल्या म्युटेशनपासून (जीनमधल्या बदलापासून) ट्यूमरची मूळ पेशी तयार व्हायला किमान दहा वर्षं जातात, तिथून दुसरीकडे पसरायची ताकद यायला आणखी पाच तरी, आणि त्यानंतर पेशंट सरासरी दोनच वर्षं जगतो. म्हणजे आपल्याला कळतं ते शेवटच्या अंकात. हे वाचलं त्या रात्री मी आजीच्या चट्ट्याचाच विचार करत होते.

उलट बाजूही बघा. म्युटेशन झालं की कॅन्सर झालाच असं अजिबात नाही. २०१५ मध्ये पापण्यांच्या निरोगी कातडीत आणि २०१८ मध्ये निरोगी अन्ननलिकेत कॅन्सरवाल्या जीन्सची म्युटेशन्स असलेले ठिपके ठिपके सापडले, अन्ननलिकेत तर नॉच-वन जीनचं म्युटेशन कॅन्सरपेक्षा निरोगी भागात जास्त पसरलेलं होतं. तिथल्या सेल्स तशाच वर्षानुवर्षं राहतात. आजूबाजूच्या सेल्स, इम्यून सिस्टीम, सूज, तंबाखूसारखा रोजचा मारा, हे सगळं मिळून ठरतं की पुढे काय होणार. आणि आपण लॅबमध्ये काय करतो, तर त्या लांबलचक गोष्टीच्या शेवटच्या पानावरची एक सेल उचलून प्लॅस्टिकच्या फ्लास्कमध्ये वाढवतो. आमची पँक-वन लाइन (एकाच ट्यूमरमधून निघालेल्या, वाढतच राहणाऱ्या सेल्स) १९७५ पासून अशी जगभर वाढतेय. ना इम्यून सेल्स, ना शेजार. निदान मी तरी असं समजत होते की माझ्या फ्लास्कमध्ये माझ्या सेल्सशिवाय कुणी नाही.

आता मुद्द्यावर येते, आणि इथे मी लांबण लावणार आहे, चालवून घ्या.

मला एका सीनिअरनं लॅब सोडून जाताना सेल्सची व्हायल (छोटी कुपी) दिली. वर मार्करनं लाइनचं नाव आणि तारीख, पॅसेज नंबर (सेल्स किती वेळा नव्या फ्लास्कमध्ये हलवल्या तो आकडा) पुसट झालेला. मी विचारलं पण नाही. काम असं की जेमसिटाबिन हे औषध द्यायचं आणि एमटीटीनं (जिवंत सेल्स जिचा रंग बदलतात अशा पावडरच्या टेस्टनं) बघायचं किती सेल्स मेल्या. पेपरमध्ये जो डोस लिहिलेला त्याला माझ्या सेल्स मरेचनात. डोस वाढवला, तरी मरेनात. मला वाटलं आपल्याला रेझिस्टंट, म्हणजे औषधाला दाद न देणारी लाइन सापडली! सर पण खूश, म्हणाले रिपीट कर. रिपीट केलं, तेच. तीनदा, चारदा, तेच. एरर बार (रीडिंगमधला फरक दाखवणाऱ्या रेघा) इतके छोटे की मी ग्राफचा फोटो घरी पाठवला होता. रिझल्ट परत परत तोच येतोय म्हणजे खरा आहे, ही माझी सगळ्यात मोठी चूक. रिपीट होणं आणि खरं असणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

सहाव्या महिन्यात न्यूक्लियस बघायला डॅपी (डीएनए निळा दाखवणारा रंग) स्टेन केलं. न्यूक्लियस मस्त निळे, गोल. पण बाहेर, सायटोप्लाझ्मच्या जागी, अगदी बारीक निळी टिंबं, रांगोळीची पूड सांडल्यासारखी. मला वाटलं स्टेन नीट फिल्टर झाला नसेल. मी एक्स्पोजर कमी केलं, टिंबं दिसेनाशी झाली, फोटो सेव्ह केला. हे मी मुद्दाम लिहितेय. मला कुणी फसवलं नव्हतं, समोर दिसत होतं ते मीच बंद केलं.

महिन्यानं दुसऱ्या लॅबमधली एक पोस्ट-डॉक ताई मायक्रोस्कोपच्या रूममध्ये आपल्या पाळीची वाट बघत बसली होती. स्क्रीनकडे बघत म्हणाली, "हे काय गं? लाइट वाढव जरा." मी वाढवला. ती दोन सेकंद गप्प राहिली आणि म्हणाली, "मायको आहे. सरांना आजच सांग."

मला सांगायला चार दिवस लागले.

मायकोप्लाझ्मा नीट समजून घ्या. हे बॅक्टेरियाच, पण त्यांना सेल वॉल नसते, म्हणून मीडियात (सेल्स ज्या द्रवात वाढतात त्यात) आपण घालतो त्या पेनिसिलिनचा त्यांच्यावर काडीचा परिणाम होत नाही. इतके बारीक आणि लवचीक की ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून निघून जातात. साधं बॅक्टेरियल कंटॅमिनेशन झालं तर सकाळी मीडिया गढूळ दिसतो, पिवळा पडतो, फंगस आला तर डोळ्यांना दिसतो (पावसाळ्यात पुण्यातल्या कुठल्याही टीसी म्हणजे टिश्यू कल्चर रूममध्ये विचारा), पण हे एका मिलीलिटरमध्ये कोट्यवधी झाले तरी मीडिया स्वच्छ लाल. सेल्स मरत नाहीत, थोड्या हळू वाढतात, आपल्याला वाटतं सीरमची (मीडियात घालायच्या रक्तातल्या द्रवाची) बॅच खराब असेल. येतात कुठून, तर माणसाच्या तोंडातून, सीरममधून, डुकरापासून काढलेल्या ट्रिप्सिनमधून (फ्लास्कला चिकटलेल्या सेल्स सोडवणारं एन्झाइम), आणि सगळ्यात जास्त करून दुसऱ्या कंटॅमिनेटेड फ्लास्कमधून. म्हणून हूडसमोर (सेल्स हाताळायच्या निर्जंतुक कपाटासमोर) बसून फोनवर बोलू नका, गप्पा मारू नका, मी हे नव्या मुलांना सारखं सांगते आणि त्यांना मी खडूस वाटते, वाटू दे.

आणि माझा रेझिस्टन्स? जेमसिटाबिन हा सायटिडिनसारखा (आरएनएच्या एका घटकासारखा) दिसणारा रेणू. काही मायकोप्लाझ्मांकडे, उदाहरणार्थ हायोऱ्हायनिसकडे, सायटिडिन डीअमायनेज एन्झाइम असतं, ते औषधाचा अमायनो ग्रुप काढून त्याला निकामी करतं. म्हणजे औषध माझ्या सेल्सपर्यंत पोचायच्या आधीच फ्लास्कमध्ये खाल्लं जात होतं. वरून हे जंतू एमटीटीचा रंगही बदलू शकतात, त्यामुळे रीडिंगवरही भरवसा नाही. सात महिन्यांचा डेटा, पाच वह्या, सगळं गेलं.

सर ओरडले नाहीत. थोडा वेळ गप्प बसले आणि मग विचारलं, "त्या इन्क्युबेटरमध्ये अजून कुणाकुणाच्या सेल्स आहेत?" तिघांच्या होत्या. दोघांच्या पॉझिटिव्ह निघाल्या. त्यातली एक मैत्रीण महिनाभर माझ्याशी बोलली नाही, आणि ती बरोबर होती. द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवलेल्या जुन्या व्हायल्स काढून तपासल्या तर मला मिळालेली पहिली व्हायलच पॉझिटिव्ह होती.

गाइडबद्दल माझं मत इथेच बनलं. मोठं नाव, भरपूर पेपर बघून लॅब निवडू नका. आठवड्यातून एकदा तरी जो मूळ फोटो, मूळ रीडिंग बघायला मागतो तो गाइड धरा. फक्त पीपीटी बघणाऱ्या गाइडकडे तुमची चूक वर्षभर सुखानं नांदेल. आणि "आपल्या लॅबमध्ये असलं काही नाहीये" हे वाक्य ऐकलं तर समजा की कुणी तपासलेलं नाहीये.

शॉर्टकट्सबद्दल पण बोलते. कंटॅमिनेशन घालवायची औषधं मिळतात, दोन आठवडे द्या, साफ होईल म्हणतात. दुसरीकडे कुठेच न मिळणारी लाइन असेल तरच त्या वाटेला जा, नाहीतर ऑटोक्लेव्ह करून (दाबाखालच्या वाफेत सगळं मारून) फेकून द्या आणि नवीन आणा. पुण्यात तर हे सोपं आहे, विद्यापीठाच्या आवारात एनसीसीएसची (नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्सची) राष्ट्रीय सेल रिपॉझिटरी आहे, देशभरचे लोक तिथून सेल लाइन्स मागवतात आणि आपण शेजारी राहून मित्राकडून फुकट व्हायल घेतो. थोडे पैसे आणि थोडा कागदी व्याप वाचवायला मी सात महिने घालवले.

व्हायलवर लिहिलेलं नाव खरं असेलच असंही नाही हां. १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स यांच्या ट्यूमरमधून हेला सेल्स आल्या, त्या इतक्या जोमानं वाढतात की दुसऱ्या फ्लास्कमध्ये चुकून थेंबभर गेल्या तरी काही दिवसांत तो फ्लास्क त्यांचाच होतो. १९६६ मध्ये स्टॅन्ली गार्टलरनं दाखवून दिलं की वेगवेगळ्या समजल्या जाणाऱ्या १८ लाइन्स मुळात हेलाच होत्या. एमडीए-एमबी-४३५ वर वर्षानुवर्षं ब्रेस्ट कॅन्सरचे पेपर आले आणि ती निघाली मेलॅनोमाची. म्हणून एसटीआर प्रोफाइल (सेल्स नक्की कुणाच्या ते सांगणारा डीएनएचा ठसा) करून घ्या.

घाबरलात का? घाबरू नका. माझं सात महिन्यांचं काम नवीन सेल्सवर साडेतीन महिन्यांत परत झालं, कारण हात तयार झाला होता. नवीन सेल्स पेपरमधल्या डोसला गुमान मेल्या. त्या दिवशी टीसी रूमच्या बाहेर चपला घालता घालता मला रडू आलं, वाईट वाटून की सुटल्यासारखं होऊन ते सांगता येणार नाही.

आणि नंतर एक पेपर हाताला लागला ज्यानं मला खरंच उभं केलं. इस्रायलमधल्या वाइझमन इन्स्टिट्यूटच्या रविद स्ट्रॉसमन यांच्या टीमचं २०१७ चं काम. त्यांनाही जेमसिटाबिनचा असाच विचित्र रेझिस्टन्स दिसला आणि कारण निघालं मायकोप्लाझ्मा हायोऱ्हायनिस. ते तिथे थांबले नाहीत. त्यांनी विचारलं की फ्लास्कमध्ये जंतू औषध खातात तर माणसाच्या ट्यूमरमध्येही खात असतील का? स्वादुपिंडाच्या कॅन्सरचे ११३ नमुने तपासले, ८६ मध्ये बॅक्टेरियाचा डीएनए सापडला. आज ट्यूमरमधले बॅक्टेरिया हा मोठा विषय आहे. पण सापळा तोच आहे बरं का, कॅन्सरनुसार रक्तात आणि ट्यूमरमध्ये जंतूंच्या वेगवेगळ्या खुणा असतात असं सांगणारा २०२० चा एक गाजलेला पेपर २०२४ मध्ये मागे घ्यावा लागला, कारण अ‍ॅनालिसिसमध्येच चुका होत्या.

बाकी या क्षेत्रात सध्या यायला फार चांगले दिवस आहेत हे मनापासून सांगते. केरासवर औषध बनूच शकत नाही असं कित्येक वर्षं मानलं जायचं, २०१३ मध्ये त्याच्या एका म्युटंट रूपावर औषध अडकवायला खाच सापडली आणि २०२१ मध्ये अमेरिकेत फुफ्फुसाच्या कॅन्सरसाठी पहिलं औषध मंजूर झालं. आपल्याकडे आयआयटी बॉम्बे आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेल्या कार-टी थेरपीला (पेशंटच्याच इम्यून सेल्स बदलून कॅन्सरवर सोडायची पद्धत) २०२३ मध्ये मान्यता मिळाली. आणि पुण्यातल्या हुजूरपागा शाळेच्या रस्त्यानं जाताना आठवण ठेवा, तिथे शिकलेल्या कमल रणदिवे यांनी मुंबईच्या कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये भारतातली पहिली टिश्यू कल्चर लॅब उभी केली. आज आपल्याला सगळं तयार हातात मिळतं, तर एक पीसीआर (डीएनए शोधायची टेस्ट) करायला कंटाळा नको.

टेस्ट कशी करायची ते पटकन. सेल्स काही दिवस अँटिबायोटिकशिवाय वाढवा, फ्लास्क भरत आला की वरचा मीडिया घ्या, सोळा-एस आरआरएनएचा (बॅक्टेरिया ओळखायच्या जीनचा) पीसीआर करा, जोडीला डॅपी. नवीन व्हायल निगेटिव्ह येईपर्यंत वेगळ्या इन्क्युबेटरमध्ये ठेवा, वेगळा नसेल तर निदान तिचं काम दिवसाच्या शेवटी करा, मीडियाची बाटली प्रत्येक लाइनची स्वतंत्र. महिन्यातून एकदा परत टेस्ट. आमच्याकडे आता पहिला सोमवार ठरलाय. आणि पॉझिटिव्ह कंट्रोलची (ज्यात मायको नक्की आहे अशा नमुन्याची) ट्यूब टीसी रूममध्ये कधीही उघडू नका, आम्ही ती खालच्या मजल्यावर ठेवतो, आणि ज्यानं ती उघडली तो त्या दिवशी परत वर सेल्सना हात लावत नाही.