कस्टम सिंगल-सिक्स की फ्रीडम आर्म्स? आधी सिलिंडरची घरं तपासा

मी मूळचा सांगलीचा, टूलरूममध्ये बावीस वर्षं काढलेला. आता टेक्ससमध्ये राहतो. शनिवारी रेंजवर आपली मंडळी भेटली की विचारतात, "काका, .२२ मध्ये रुगरचं सिंगल-सिक्स रिव्हॉल्व्हर घेऊन कारागिराकडून घडवून घेऊ, की एकदाच पैसे टाकून वायोमिंगचं फ्रीडम आर्म्स मॉडेल ९७ घेऊ?"

सिंगल-सिक्स हाताशी असेल तर आधी ते तपासा. सिलिंडरच्या सहा घरांना, म्हणजे काडतुसं बसतात त्या भोकांना, मार्करने १ ते ६ आकडे घाला. २५ यार्डांवर, वाळूच्या पिशवीवर हात टेकवून, प्रत्येक घराच्या दहा गोळ्या वेगळ्या कागदावर मारा. काडतुसं एकाच लॉटची हवीत. मग ब्रँड बदलून पुन्हा मारा. .२२ चं काडतूस रिमफायर असतं, म्हणजे पेटवायची दारू बुडाच्या कडेत असते; ते घरी पुन्हा भरायची सोय नाही, म्हणून नळीला मानवणारा ब्रँड शोधण्यात चार शनिवार गेले तरी जाऊ द्या.

आता कागद शेजारी शेजारी ठेवा. पाच घरं एका जागी मारतात आणि एक दरवेळी डावीकडे फेकतं, असं दिसलं तर ते घर नळीच्या रेषेत नाही, असा पहिला संशय घ्या. चाप हलका केला, माशी (नेम धरायचा पुढचा खुंट) बदलली, तरी ते रेषेत येत नाही. मी ही तपासणी न करताच माझं रिव्हॉल्व्हर कारागिराकडे दिलं. चौदा महिन्यांनी परत आलं तेव्हा चाप लोण्यासारखा झाला होता, पण चार नंबरचं घर तसंच डावीकडे मारत होतं. कारागिराने मी सांगितलं ते चोख केलं होतं. मीच चुकीचं काम सांगितलं होतं.

फ्रीडम आर्म्समध्ये सिलिंडर फ्रेममध्ये बसवून घरं नळीच्या रेषेतच बोअर करतात. लेथवर काम केलेल्याला हे लगेच पटेल: एकाच सेटिंगमध्ये पाडलेली भोकं एकमेकांशी जुळतात. दोन हजार डॉलरांच्या वर जाते ती किंमत याची. अचूकताच हवी असेल तर पैसे साठवा आणि तेच घ्या.

सहाही घरं एका जागी मारत असतील, फक्त चाप जड आहे किंवा मूठ हाताला बसत नाही, तर मात्र कस्टम करून घ्या. आधी चाप, मग नळीचं तोंड आणि फोर्सिंग कोन (गोळी नळीत शिरते ती मागची निमुळती वाट), शेवटी बिस्ली धाटणीची मूठ. पॉलिश, कोरीवकाम यांवर खर्च केलेले पैसे विकताना परत येत नाहीत.

१९७३ च्या आधीचं सिंगल-सिक्स मिळालं तर त्यात ट्रान्सफर बार नसतो, म्हणजे चाप ओढल्याशिवाय घोड्याचा ठोका काडतुसापर्यंत पोचू न देणारी पट्टी. घोडा रिकाम्या घरावरच ठेवायचा, म्हणजे पाचच काडतुसं भरायची. रुगर कंपनी ट्रान्सफर बार फुकट बसवून देते आणि जुने भागही परत पाठवते. ते जपून ठेवा. सोबत .२२ मॅग्नम या जाड काडतुसाचं सिलिंडर असेल तर त्यात एलआर (लाँग रायफल, म्हणजे नेहमीचं .२२) काडतूस कधीही घालू नका. त्याची पुंगळी घरात सैल बसते आणि फाटते.